एका राजाच्या दोन तिथी

१

अकरावी वही उघडली आणि आत काहीच नव्हते.

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरी. मी दोनदा उलटून पाहिली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिली. भागीरथीवैनी समोरच्या खुर्चीत डोळे मिटून, ऐकायला तयार होऊन बसल्या होत्या.

"वाच कीं, वसु. कां थांबलीस?"

"वैनी, ही ती वही नव्हे."

त्यांनी डोळे उघडले. मी कोरे पान त्यांच्यापुढे धरले. अक्षर वाचता येत नसले तरी अक्षर नाही एवढे कोणालाही दिसते.

गुरुमूर्तीराव, म्हणजे वैनींचे यजमान, तंजावूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत. तीस वर्षे त्यांनी एकच पुस्तक लिहिले. स्कॉटलंड आणि इंग्लंड, शेजारची दोन राज्ये, १६०३ साली दोघांना राजा मिळाला एकच. कायदे वेगळे, देवळे वेगळी, दरबार वेगळे, फक्त राजा सामाईक. शंभर वर्षे हा संसार कसा चालला, त्याची ही कथा. लिहिली मराठीत, देवनागरीत, हाताने. गेल्या वर्षी जुलैत ते गेले आणि अकरा वह्या मागे राहिल्या.

आता आमची गंमत ऐका. आम्ही तंजावूरचे मराठी घरात मराठी बोलतो, पण देवनागरी वाचणारा शोधायचा तर गावभर फिरावे लागते. वैनी जन्मभर मराठी बोलल्या, वाचता मात्र एक अक्षर येत नाही. नवऱ्याने जन्म घालवून जे लिहिले ते त्यांच्यासाठी कुलूपबंदच. मी वसुमती, कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले, लग्न केले नाही, आणि नोकरीपायी देवनागरी शिकले. महाशिवरात्रीपासून रोज दुपारी तीन वाजता मी वैनींना वह्या वाचून दाखवत होते. उपकार वगैरे काही नव्हते. त्यांना कान देऊन बसायचे होते आणि मला दुपारी जायला एक घर हवे होते.

पुण्याच्या एका प्रकाशकाने पुस्तक घ्यायचे कबूल केले होते. अट एकच, ऑगस्ट संपायच्या आत सगळे हस्तलिखित हातात पडले पाहिजे, अर्धवट पुस्तक ते छापणार नाहीत. शेवटचे प्रकरण अकराव्या वहीत होते आणि त्याची दुसरी प्रत नव्हती.

वैनींनी कोऱ्या पानावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "हे दुसऱ्यांदा गेले कीं ग, वसु."

२

वैनींचा पुतण्या भरद्वाज पोलिसांत जाऊ म्हणाला. मी म्हटले, जा, आणि काय चोरीला गेले म्हणून सांगशील? दोनशे पानी वही? हवालदार तुलाच नवी आणून देईल.

मी आपली खुर्ची ओढून कपाटासमोर बसले. चाळीस वर्षे ग्रंथालयात काढली, हरवलेली पुस्तके शोधण्यात हयात गेली. माझा अनुभव असा की पुस्तक कोणी नेले हे विचारू नये, कशाला नेले हे विचारावे.

पंधरा जुलैला, आषाढ वद्य पंचमीला, गुरुमूर्तीरावांचे वर्षश्राद्ध झाले. जेवणे झाल्यावर वह्या मीच पाहुण्यांना दाखवल्या होत्या. तेव्हा अकरावी होती. तिच्यातले अक्षर थरथरते आहे म्हणून मी ती मुद्दाम उघडून दाखवली होती. मग मोजून अकरा आत ठेवल्या आणि कुलूप लावले. किल्ली देवाच्या खोलीत, तसबिरीमागच्या खिळ्याला. आज अकरा ऑगस्ट. म्हणजे चोरी या सत्तावीस दिवसांतली.

कोरी वही हातात घेऊन मी खिडकीशी गेले. बाकीच्या वह्यांसारखेच तपकिरी कागदाचे वेष्टण घातले होते, नीट घड्या पाडून. आणि चारही कोपऱ्यांना पिवळे डाग.

वास घेतला. हळद.

आमच्याकडे नवी वस्तू वापरायला काढताना तिला हळद लावतात. नवा सदरा असो, पत्रिका असो, वही असो. पण चोरीच्या जागी ठेवायच्या वहीला? चोर इतका भाविक कुठला?

"वैनी, श्राद्धानंतर घरांत कोण कोण आले?"

"कोण येणार? भरद्वाज. ती मुलगी, भुवना. आणि वरचे शेषाद्री अहेत कीं."

तिघेच. पण त्यांतल्या एकाला कपाटाची किल्ली वैनींनी स्वतःच्या हाताने दिली होती, हे मला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले.

३

भरद्वाजवर माझा पहिला संशय होता हे लपवत नाही. तोही इतिहासच शिकवतो, पुण्याला शिकल्यामुळे देवनागरी वाचतो, आणि चुलत्याचे पुस्तक आपल्या नावाने छापायला काय लागते? माणूस जातो, वही उरते.

"अत्या, मज चोर म्हणतां?" तो हसला. "काकांची शेवटची वही नेऊन काय करूं? सुरुवातीच्या दहा नकोत कां?"

बोलणे बरोबर होते. ज्याला पुस्तक हवे तो शेपूट नेत नाही. शिवाय हा श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी पेपर तपासायला चेन्नईला गेला, तो परवा रात्री परतला. तिकिटे मी पाहिली. मला कोणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायची सवय नाही.

मग भुवनेश्वरी. ओरत्तनाडूच्या सरकारी शाळेत शिक्षिका, वय पस्तिशीचे, मितभाषी. सरांची जुनी विद्यार्थिनी म्हणून श्राद्धाला आली आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी येऊन वैनींची पुस्तके पुसून लावून देत होती. किल्ली वैनींनी दिली ती हिलाच, आतली धूळ झाडायला. पण ती तमिळ मुलगी. मराठी थोडे कळते, देवनागरी शून्य. तिला ती वही म्हणजे मला चिनी वर्तमानपत्र.

तरी मी फोन केला. बोलणे तमिळमध्ये झाले, येथे मराठीत लिहिते.

"वही? मला माहीत नाही, अम्मा." आवाज खाली गेला. "गुरुवारी येऊ का? उद्या बुधवारी अप्पांचा पहिला वर्षदिवस आहे."

"तुझे अप्पा कधी वारले?"

"गेल्या वर्षी, आमच्या आडी महिन्यात. वद्य पंचमीला."

पंचमी! मग मी स्वतःलाच रागावले. आमच्या गुरुमूर्तीरावांची पंचमी होऊन महिना झाला होता. पंचमी काय, दर महिन्याला येते. बापाच्या वर्षदिवसाच्या तयारीत असलेल्या मुलीला चोरीचे विचारले म्हणून लाज वाटली आणि मी फोन ठेवला.

राहिले शेषाद्री. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, निवृत्त कारकून, जिभेला हाड नाही. गुरुमूर्तीरावांशी त्यांचा वीस वर्षे वाद. इथे स्वतःचा राजवाडा सोडून परक्या राजांवर कसले लिहिता, म्हणून. शेवटची वही मी जाळून टाकीन असे ते एकदा जिन्यात ओरडले होते.

मी वर गेले, तर म्हातारा पाय पसरून पलंगावर. जूनमध्ये गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. जेवण दोरीला टोपली बांधून वर ओढून घेत होते.

"या, वसुमतीबाई! झडती घ्या! टोपलींत बसून खाली उतरलों म्हणून लिहून घ्या!"

मला हसू आले. हा माणूस दोन महिने जिना उतरला नव्हता. तिघेही निर्दोष, आणि वही गायब.

मी निघाले तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मीं भांडत होतों, खरं. पण तो गेल्यापासून बोलायला कोण्णी नाहीं. दर गुरुवारी येथून त्याला पाहात होतों. बायकोला आलंगुडीच्या देवळांत गुरु ग्रहाच्या दर्शनाला जातों म्हणून सांगायचा. आणि चढायचा पट्टुकोट्टईच्या बसींत."

मी दारातच थांबले.

४

आलंगुडीला जायचे तर पापनाशमची, कुंभकोणमची बस. तो रस्ता पूर्वेला. पट्टुकोट्टईची बस दक्षिणेला जाते. आणि त्या रस्त्यावर मोठे गाव लागते ओरत्तनाडू.

खाली येऊन मी वैनींना विचारले, "गुरुमूर्तीअण्णा गेले तो वार कोणता?"

"गुरुवार. देवाहून परत येतांना छातींत कळ आली. कोण्णी एक बाई रिक्षांत घालून हॉस्पिटलांत आणून सोडली. नाव सांगिटलं नाहीं. मी पोचले तर ती नव्हती. किती शोधिलें तिला, पाया पडायला."

घरी येऊन मी जेवलेही नाही. एकटीसाठी तसाही भात लावायचा कंटाळाच. पहिल्या वहीतले एक पान डोक्यात घोळत होते, वैनींना ते मी दोनदा वाचून दाखवले होते. स्कॉटलंडचा राजा इंग्लंडचा राजा झाला तो दिवस चोवीस मार्च. स्कॉटलंडात तेव्हा १६०३ साल लागून तीन महिने होत आले होते, कारण त्यांचे वर्ष एक जानेवारीला सुरू होई. इंग्लंडात नवे वर्ष पंचवीस मार्चला. म्हणजे तिथे तो १६०२ चा शेवटचा दिवस. राजा एक, दिवस एक, साले दोन. गुरुमूर्तीरावांनी खाली लिहिले होते, 'ज्याने एकच पंचांग पाहिले त्याला हा दिवस सापडणार नाही.'

मी भिंतीवरचे तमिळ कॅलेंडर खाली काढले.

आमच्या मराठी घरांत महिने चंद्राचे. तमिळ घरांत सूर्याचे. तिथी दोघे एकच मानतात, पण ती कोणत्या महिन्यात पकडायची ते वेगळे. गुरुमूर्तीराव गेल्या वर्षी पंचवीस जुलैला गेले. आम्ही म्हणालो, आषाढ वद्य पंचमी. तमिळ माणूस म्हणेल, आडी महिन्यातली वद्य पंचमी. दिवस एकच. यंदा आषाढ वद्य पंचमी आली पंधरा जुलैला, आणि आडी महिना लागला सतरा जुलैला. आमची तिथी आडीच्या दोन दिवस आधीच होऊन गेली! तमिळ घराला पुढच्या वद्य पंचमीची वाट पाहावी लागणार.

पुढची पंचमी तेरा ऑगस्ट. उद्या, बुधवार.

एकाच माणसाचे वर्षश्राद्ध दोन घरांत, वैनींच्या आणि भुवनेश्वरीच्या, महिनाभराच्या अंतराने. आणि मी, ते पान दोनदा वाचून दाखवणारी, फक्त आमचेच पंचांग पाहून मोकळी झाले. सगळे डोळ्यांसमोर असताना मी चेन्नईची तिकिटे तपासत बसले होते.

मग हळदीचाही उलगडा झाला. ज्याला वही बुडवायची होती त्याने तिच्या जागी दुसरी ठेवली नसती. ज्याला ती थोडे दिवस हवी होती त्याने ठेवली. आम्ही सावकाश वाचतो हे त्या मुलीला ठाऊक होते. अकराव्या वहीपर्यंत पोचायला पंधरवडा लागेल असे तिला वाटले. पण गेल्या आठवड्यात वैनींना एकटेपणा फार खायला लागला आणि आम्ही दुपारी सुरू केले ते दिवेलागणीपर्यंत वाचत राहिलो.

एकच गोष्ट सुटत नव्हती. वाचता येत नाही ती वही तिने नेली कशाला?

५

ओरत्तनाडूला सत्रामागच्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेमागच्या, गल्लीत भुवनेश्वरीचे घर, एवढे तिच्या बोलण्यात एकदा आले होते. सकाळी अकराला पोचले. दार उघडेच होते.

आत भिंतीशी केळीचे पान मांडलेले. भात, वडा, पायसम, वाटीत भरली वांगी, डबरा म्हणतात त्या पसरट भांड्यात कॉफी. शेजारी नवे धोतर. तमिळ घरांत वर्षदिवसाला गेलेल्या माणसाचा फोटो ठेवून त्याच्यापुढे त्याच्या आवडीचे सगळे मांडतात. येथे फोटो नव्हता. फोटोच्या जागी, समईमागे, तपकिरी वेष्टणाची वही उभी करून तिला हार घातला होता.

भुवनेश्वरी मला पाहून भिंतीला टेकली. तिची आई, अंजुगम, शाळेत मुलांचे जेवण शिजवून निवृत्त झालेली साठीची बाई, उठून उभी राहिली. तिने एकच विचारले, "त्या बाईंना कळले का?"

"नाही. मी एकटीच आले आहे."

मग भुवनेश्वरी बोलली. "आमच्याकडे अप्पांचा एकही फोटो नाही, अम्मा. फोटो काढायचा नाही असे तेच म्हणायचे. त्यांचा सदरा नाही, चष्मा नाही. यंदा पुढ्यात काय ठेवू? त्यांना सगळ्यांत आवडायचे ते लिहिणे. शेवटचे अक्षर म्हणून शेवटची वही आणली. उद्या परत ठेवणार होते. जागी नवी ठेवली, तिला हळद लावली. रिकामी जागा बरी दिसत नव्हती."

"आणि हॉस्पिटलात?"

"मीच," अंजुगम म्हणाली. "त्यांचा हात माझ्या हातात होता. नर्स म्हणाली, बायकोला कळवले आहे, येताहेत. मग मी हात सोडला. कोण म्हणून थांबू? रडायलासुद्धा घरी येऊन दार लावावे लागले."

चोर पकडला की राग येतो, निदान थोडा अभिमान तरी वाटतो. मी मात्र चपला काढून दाराशी खाली बसले.

त्यांची पूजा होऊ दिली. मग तिथेच बसून मी वही उघडली. शेवटचे प्रकरण छोटे होते. राजा लंडनला गेला तेव्हा त्याने स्कॉटलंडला वचन दिले, दर तीन वर्षांनी येईन. बावीस वर्षे जगला आणि एकदाच गेला. त्याखाली थरथरत्या अक्षरात शेवटचा परिच्छेद होता, 'दोन राज्यांना एक राजा मिळाला असे इतिहास म्हणतो. मला आता वाटते, दोघांपैकी कोणालाही तो मिळाला नाही. तो सदैव दुसरीकडे होता. हे मी कोणावर दोष ठेवून लिहीत नाही, माहिती असल्यामुळे लिहितो.'

पुस्तक पुरे होते. वही पिशवीत घातली. दारात अंजुगमने माझा हात धरला.

"कपाटामागे पडली होती म्हणून सांगा. त्या बाईंना एवढे तरी राहू द्या."

६

बसमध्ये मी ते वाक्य तीस-चाळीस वेळा म्हणून पाहिले. कपाटामागे पडली होती. सोपे होते. वैनींना वाचता येत नाही, शेवटचा परिच्छेद मी गाळला असता तरी ब्रह्मदेवालाही कळले नसते. पुस्तक छापून आले असते आणि वैनी नवऱ्याची एकमेव बायको राहिल्या असत्या.

वही हातात देताच वैनींनी ती उराशी धरली. मग विचारले, "कोणाकडे होती?"

मी तोंड उघडले आणि खोटे बाहेर येईना. तो माझा मोठेपणा नव्हे. सहा महिने त्या बाईने माझ्या आवाजावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. मी बसून सगळे सांगितले. बस, गुरुवार, दोन पंचम्या, हॉस्पिटलातली बाई. मग शेवटचे प्रकरण वाचले, एक शब्द न गाळता.

वैनी रडल्या नाहीत. कॉफी पूर्ण निवली.

"फक्त गुरुवार?"

"होय, वैनी."

"मज सहा दिवस होते कीं ग," त्या सावकाश म्हणाल्या. "सहाही दिवस त्या मेजावर बसून लिहीत होते. पाठच पाहिली मीं." आणि थोड्या वेळाने, "तिला शोधत होतें मीं वर्षभर, हॉस्पिटलच्या बाईला. पाया पडेन म्हणून बोलले होतें. अत्तां काय करूं?"

हे कोडे सोडवायची माझी ताकद नव्हती.

वही पुण्याला रवाना झाली. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, वैनी रेशमी लुगडे नेसून माझ्या दारात उभ्या. "चल. त्या बाईला हे प्रकरण वाचून दाखीव. तमिळांत सांग. तिलाही वाचतां येत नाहीं कीं."

दुपारी तीनला ओरत्तनाडूच्या त्या खोलीत मी पुस्तकाची शेवटची पाने, झेरॉक्स काढून ठेवलेली, तमिळमध्ये सांगत होते. दोघी चटईवर, मध्ये हातभर अंतर. पाया पडणे झाले नाही. अंजुगमने पडू दिले नाही, उलट तीच वाकली, आणि दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. भुवनेश्वरी हसली, मग सगळ्याच हसल्या.

वाचन संपल्यावर वैनींनी तमिळमध्ये विचारले, "तुमच्याकडे येऊन ते काय करायचे?"

अंजुगम ओशाळली. "काही नाही, अक्का. जेवायचे आणि झोपायचे. दिवे लागेपर्यंत गाढ झोपायचे. मी पंखा घेऊन बसायचे."

वैनी तिच्याकडे पाहतच राहिल्या. "झोपायचे? आमच्याकडे पन्नास वर्षांत कधी झोपलेले पाहिले नाही मी त्यांना. घोरायचे का?"

"बारीक. शिट्टीसारखे."

"सांग," वैनी म्हणाल्या. हातभर अंतर त्यांनीच सरकून कमी केले. "सगळे सांग. कुशीवर झोपायचे की उताणे?"

अंजुगम सांगू लागली. तिने विचारले, तुमच्याकडे लिहिताना बोलायचे का? वैनी सांगू लागल्या. मी भुवनेश्वरीने दिलेली कॉफी प्यायले. दोघींपैकी कोणाचेच माझ्याकडे लक्ष नव्हते, आणि ते बरोबरच होते. माझ्याकडे त्या माणसाचे काहीच नव्हते, फक्त त्याचे अक्षर वाचता येत होते.

पाच वाजता मी म्हटले, वैनी, निघू या.

"तूं हो पुढे, वसु. मी आज येथेच राहातें. उद्या भुवना आणून सोडेल." आणि लगेच अंजुगमकडे वळून, "मग? आजारी पडले होते तेव्हा?"

मला बरे वाटले, खोटे सांगत नाही. आणि वाईटही वाटले, तेही खोटे नाही. पुस्तक संपले होते. वैनींना आता ऐकवायला दुसरे कोणी होते, आणि ऐकायला पुष्कळ होते. मी चपला घातल्या.

पट्टुकोट्टईहून येणारी बस निम्मी रिकामी होती. कंडक्टर जवळ आला, माझ्या शेजारच्या जागेकडे पाहिले आणि विचारले, "तंजावूर, एकच ना?"

"एकच," मी म्हणाले.